वळवाच्या आधीचा अर्धा तास
(शेती विभागाकडून)



होळी झाली की दोन गोष्टी एकदम अंगावर येतात. एकीकडे उरलेला ऊस तोडून गाळपाला घालायचा असतो, खोडव्याला पाणी द्यायचे असते, सुरू उसाची खुरपणी असते. आणि दुसरीकडे आभाळाचा भरवसा संपतो. सकाळी कडक ऊन, दुपारी उकाडा, आणि चार वाजता बघता बघता अंधारून येऊन वारा-वावधन सुटते. दहा-वीस मिनिटांचा खेळ. पण तेवढ्यात गोठ्याचे पत्रे उडतात, उभा ऊस आडवा होतो, झाडाखाली बांधलेला बैल विजेने जातो, आणि कधी कधी माणूसही जातो.

गेल्या उन्हाळ्यात ऊर्जानगरच्या बाजूला एका सभासदाच्या बांधावर बसलो असता ते म्हणाले, "साहेब, नागपूरवाल्यानं परवा वादळ सांगतलं, मी दिवसभर ताडपत्री धरून बसलो, थेंब नाही पडला जी. अन् आठ दिवसांमागं लक्ष दिलं नाही, त्या दिवशी तणसाचा ढीगच्या ढीग उडून गेला. आता सांगा, ऐकाचं का नाही ऐकाचं?"

त्यांचा राग खोटा नव्हता. असा प्रश्न पुष्कळ सभासदांच्या मनात असतो, म्हणून या अंकात त्याचेच उत्तर द्यावयाचे ठरविले आहे. थोडक्यात उत्तर असे की, वेधशाळेचा अंदाज ऐकायचा तर आहेच; पण तो काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे समजून ऐकायचे. वेधशाळा तीन दिवस आधी जिल्हा सांगते, तीन तास आधी फार तर तालुका सांगते. कोणाच्या वावरावर ढग फुटेल ते ती सांगत नाही. शेवटचा अर्धा तास आपला असतो. तो आपणच आभाळाकडे पाहून वाचायचा असतो.

"तुरळक ठिकाणी" म्हणजे नेमके किती?

भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. शेतकऱ्यांसाठी रेडिओवरून खास हवामान वार्तापत्र १९४५ पासून सुरू झाले. आज विदर्भाचा अंदाज नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून दिला जातो. त्यातील भाषा ठरलेली असते आणि प्रत्येक शब्दाला माप असते. आपण ते शब्द कानावरून जाऊ देतो, आणि चूक होते ती इथेच.

"तुरळक ठिकाणी" पाऊस म्हणजे त्या भागातल्या शंभर ठिकाणांपैकी फार तर पंचवीस ठिकाणी. "काही ठिकाणी" म्हणजे सव्वीस ते पन्नास. "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे एक्कावन्न ते पंचाहत्तर. त्याहून अधिक म्हणजे जवळपास सगळीकडे.

उन्हाळ्यातल्या वादळांबद्दल बहुतेक वेळा "तुरळक ठिकाणी" असेच सांगितलेले असते. याचा अर्थ अंदाज शंभर टक्के खरा ठरला, तरी चार गावांपैकी तीन गावे कोरडी राहणार. आपले गाव कोरडे राहिले म्हणून अंदाज खोटा ठरला असे नाही. वादळ शेजारच्या गावात होऊन गेलेले असते. बाजाराच्या दिवशी विचारून पाहा, कळेल.

दुसरे रंगांचे. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे ताबडतोब कृती करा. आपल्याकडची माणसे लाल रंगाची वाट पाहत बसतात, पण उन्हाळी वादळात बहुधा पिवळा किंवा नारिंगीच रंग येतो. पिवळ्या रंगाच्या दिवशीसुद्धा वीज पडून माणूस दगावू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

तिसरे असे की, नागपूरला रडार आहे आणि ढग वाढताना ते पाहते. त्यावरून पुढच्या तीन तासांसाठी तातडीचा इशारा निघतो. परंतु पृथ्वी गोल असल्याने रडारचा किरण जसजसा दूर जातो तसतसा जमिनीपासून वर जातो. नागपूरहून सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या चंद्रपूरपर्यंत येईतो तो दोन-अडीच किलोमीटर उंच गेलेला असतो. त्याखाली काय चालले आहे, धुळीची भिंत कोठवर आली आहे, हे त्याला नीट दिसत नाही. सिरोंचा तर सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरहूनही दूर. शिवाय गडचिरोलीच्या जंगलात पुष्कळ ठिकाणी मोबाईलला रेंज नाही. इशारा निघाला तरी तो पोचेलच असे नाही. सबब, यंत्र आहे म्हणून डोळे मिटून चालणार नाही.

हे ढग येतात कोठून?

चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही देशातल्या अतिउष्ण ठिकाणांत मोजली जाणारी गावे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणे ही येथे नवलाची गोष्ट नाही. पण नुसत्या उष्णतेने वादळ होत नाही. चुलीवर रिकामे पातेले ठेवले तर वाफ येत नाही, पाणी हवे. ते पाणी येते बंगालच्या उपसागरावरून. नकाशा काढून पाहा: चंद्रपूरला अरबी समुद्रापेक्षा बंगालचा उपसागर जवळ आहे. आग्नेयेकडून ओली हवा गोदावरी खोऱ्याने आत शिरते. पश्चिमेकडून कोरडी, तापलेली हवा येत असते. या दोन हवांची जेथे गाठ पडते, तेथे ओली हवा वर ढकलली जाते. अंदाजात "द्रोणीय स्थिती" किंवा "हवेचा कमी दाबाचा पट्टा" असा उल्लेख आला, की बहुधा ही गाठ विदर्भाच्या आसपास पडली आहे असे समजावे.

वर गेलेल्या वाफेचा ढग बनतो. वळवाचा ढग रुंद कमी आणि उंच फार. बारा-पंधरा किलोमीटरपर्यंत तो चढतो. चार-पाच किलोमीटरच्या वर थंडी गोठणबिंदूच्या खाली असते. तेथे गेलेला थेंब गोठतो, पुन्हा खाली येतो, वरच्या झोताने पुन्हा वर फेकला जातो, आणि प्रत्येक फेऱ्यात त्यावर बर्फाचा थर चढतो. मोठी गार मधोमध फोडून पाहिली तर कांद्यासारखे पापुद्रे दिसतात ते यामुळेच. झोताला ती पेलवेनाशी झाली की खाली पडते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गोठणारी थंड हवा त्या मानाने खाली असते, म्हणून गार वितळण्याच्या आत जमिनीवर पोचते. गारपिटीचे मोठे तडाखे याच दिवसांत बसतात. २०१४ च्या फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रात झालेली गारपीट कोणी विसरलेले नाही; लाखो हेक्टरवरील रब्बी पिके आणि फळबागा तिने झोडपल्या. २०१८ च्या फेब्रुवारीतही विदर्भ-मराठवाड्याने तोच अनुभव घेतला. मे महिन्यात गारा त्या मानाने कमी, पण वारा आणि वीज अधिक.

वारा अधिक का, हेही समजून घ्यावे. ढगातून पडणारे थेंब खालच्या तापलेल्या कोरड्या हवेत येताच वाळून जातात. वाळताना ते हवेला थंड करतात. पाण्याने भिजवलेले फडके माठाला गुंडाळले की माठ गार होतो, तसेच. ही गार झालेली हवा जड असते. ती धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. म्हणून आपल्याकडे "थेंब चार आणि वारा फार" अशी गत होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्याला टिकलेला पत्रा ६० च्या वाऱ्याला उडतो तो या हिशेबाने.

ऊर्जानगरचा धूर आणि घरचे वेध

आता आपल्या अर्ध्या तासाकडे येऊ. पूर्वीचे लोक आभाळ वाचत. टिटवीची अंडी, कावळ्याचे घरटे, नक्षत्राचे वाहन, हे सगळे ठोकताळे मृगाच्या पावसासाठी होते. आज दुपारी वादळ येईल काय, हे त्यांवरून कळत नाही. त्यासाठी पुढील खुणा पाहाव्यात. या प्रत्येकीमागे कारण आहे.

पहिली खूण पहाटेची. रात्रभर उकडले, पहाटेही गार वाटले नाही, अंग चिकट झाले, मिठाला पाणी सुटले, तर हवेत ओल भरली आहे असे समजावे.

दुसरी खूण वाऱ्याची. ऊर्जानगर, दुर्गापूर आणि आजूबाजूच्या गावांना मोठा वातकुक्कुट फुकट मिळालेला आहे, तो म्हणजे औष्णिक केंद्राच्या उंच चिमण्या. धूर पूर्वेकडे झुकला असेल तर वारा पश्चिमेचा, म्हणजे कोरडा. तोच धूर सकाळी पश्चिमेकडे किंवा वायव्येकडे कलला, तर वारा पूर्व-आग्नेयेचा, म्हणजे समुद्राची ओल घेऊन येणारा. उकाडा आणि असा धूर ही जोडी दिसली की दुपार सांभाळावी. ज्यांना चिमण्या दिसत नाहीत त्यांनी बांधावर उंच बांबूला फडके बांधावे, काम तेच.

तिसरी खूण ढगाच्या आकाराची. अकरा-बाराच्या सुमारास आभाळात कापसाच्या बोंडासारखे ढग दिसू लागतात. ते तसेच विरळ राहिले तर काळजी नाही. पण एक-दोन वाजता त्यांतला एखादा फुलकोबीसारखा फुगून उंच चढू लागला, तर नजर त्याच्यावर ठेवावी. त्याचा माथा सपाट होऊन लोहाराच्या ऐरणीसारखा पसरला, की ढग पूर्ण पिकला. आता तो केव्हाही फुटेल. आपल्याकडे असे ढग बहुधा पश्चिम-वायव्येकडून सरकत येतात, पण नेहमीच असे नाही. म्हणून चारही दिशा पाहाव्यात.

चौथी खूण कानाची. जुना मध्यम लहरींचा रेडिओ असेल तर त्यात मधून मधून कडकड आवाज येऊ लागतो. ती दूरच्या विजांची चाहूल असते. नंतर प्रत्यक्ष गडगडाट ऐकू येतो.

पाचवी खूण शेवटची. वाहता वारा एकाएकी थांबतो, पान हालत नाही. मग ढगाच्या बाजूने गार झुळूक येते आणि क्षितिजावर मातकट धुळीची भिंत दिसते. अशा वेळी हातात अर्धा तासही नसतो, फार तर पाच-दहा मिनिटे. सोडलेले पाणी, टाकलेले खत, अर्धी भरलेली गाडी, सगळे आहे तेथे ठेवून माणसांनी पक्क्या घरात जावे.

वीज: मोजा आणि निघा

देशात दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे वीज पडून मरतात. २०२२ साली हा आकडा २,८८७ होता. त्यांत मोठा भरणा शेतात, रानात राबणाऱ्यांचा असतो. आपल्या भागात तर मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल वेचणी आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणी, म्हणजे ऐन वादळाच्या दिवसांत घरची घरे जंगलात असतात. ज्या सभासदांच्या घरची मंडळी या कामाला जातात, त्यांनी पुढील हिशेब त्यांना जरूर सांगावा.

वीज चमकली की मोजायला लागावे. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो. चमक आणि गडगडाट यांत तीस आकडे मोजून झाले, तर वीज दहा किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरावरून पुढची वीज आपल्यावर पडू शकते. म्हणून तीस किंवा त्याहून कमी आकडे झाले की काम सोडून निघावे, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास होईतो बाहेर पडू नये. पाऊस पडतो आहे की नाही, यावर जाऊ नये. पाऊस पडण्याआधी आणि थांबल्यानंतर पडलेल्या विजांनीही पुष्कळ जीव घेतले आहेत.

झाडाखाली थांबणे ही सर्वांत मोठी चूक. मोहाचे असो, आंब्याचे असो वा निंबाचे, उंच झाड वीज ओढते आणि बुंध्यातून ती माणसाकडे उडी घेते. उघडा गोठा, चारी बाजूंनी मोकळी पत्र्याची शेड, मचाण, तारेचे कुंपण, विहिरीचा काठ, मोटारीचा स्टार्टर आणि ट्रॅक्टरची उघडी सीट या सर्व जागा धोक्याच्या आहेत. पक्के घर किंवा काचा बंद केलेली टपाची गाडी बरी. काहीच जवळ नसेल तर झाडांपासून दूर, खोलगट जागी, पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. आणि दहा जण असतील तर दहा ठिकाणी बसावे.

वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर आपल्यालाही धक्का बसतो, ही समजूत खोटी आहे. त्याच्या अंगात वीज राहत नाही. श्वास बंद पडला असेल तर ताबडतोब छाती दाबून कृत्रिम श्वासोच्छ्वास सुरू करावा आणि १०८ वर फोन करावा. शेणात पुरणे वगैरे प्रकारांत वेळ घालवू नये. त्या पहिल्या काही मिनिटांत माणूस वाचतो किंवा जातो.

झाड आणि पत्रा यांबद्दल एक उदाहरण सांगितले पाहिजे. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे, जे आपल्या ऊर्जानगरप्रमाणेच औष्णिक विजेचे गाव आहे, वादळी वाऱ्या-पावसात मंदिराजवळचे जुने निंबाचे झाड पत्र्याच्या शेडवर कोसळले. शेडखाली माणसे आसऱ्याला होती. सात जण दगावले. मंडळी काही रानात नव्हती, गावात होती, डोक्यावर छप्परही होते. पण छपरावर झाड होते. आपल्या गोठ्यावर, शाळेवर, मोटारीच्या खोलीवर कोणते झाड झुकले आहे, हे आजच जाऊन पाहावे.

उसाची तयारी

या भागात ऊस हे मुख्य पीक नव्हे, धान आणि कापूस-सोयाबीनचा हा मुलूख, हे खरे. तरी झाडीपट्टीत कोहळी मंडळींनी तलाव बांधून त्या पाण्यावर धानाबरोबर ऊसही पिकविला, ती परंपरा जुनी आहे. ज्यांनी ऊस लावला आहे त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

पूर्वहंगामी ऊस मार्च-एप्रिलपर्यंत चांगला उंच झालेला असतो. त्याची मोठी बांधणी वेळेवर करावी. भर भरपूर लावलेली असेल तर मूळ धरून राहते आणि ऊस सहसा मुळासकट लोळत नाही. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी पाणी देऊ नये. भिजलेल्या मातीत उभा असलेला उंच ऊस वाऱ्याला आधी बळी पडतो. सरीच्या टोकाला पाणी निघून जाण्यासाठी चर काढून ठेवावा.

तोडणीला आलेला ऊस असेल तर त्याची नोंद गट कार्यालयाकडे तपासून घ्यावी. वादळाचे दिवस पाहून जास्त ऊस तोडून ठेवण्याचा मोह होतो, तो टाळावा. गाडी मिळेल तेवढाच तोडावा. तुटलेला ऊस पडून राहिला की वजन आणि साखर दोन्ही घटतात.

पाचट जाळू नये. जमिनीच्या दृष्टीने ते वाईट आहेच; पण वैशाखात वारा एकाएकी फिरला तर ती आग शेजाऱ्याच्या उसात किंवा जंगलात जाईल. उसावरून लोंबणाऱ्या तारा असतील तर वीज कंपनीला आताच लेखी कळवावे. वाऱ्याने तारा एकमेकींना घासून ठिणग्या पडतात आणि उभा ऊस पेटतो.

तोडणी टोळ्यांच्या कोप्या ही आपल्या सर्वांची जबाबदारी आहे. बांबू-पाचटाच्या कोपीत लेकराबाळांसह राहणारी ही माणसे वाऱ्यापुढे सर्वांत उघडी असतात. त्यांना आभाळ दिसते, पण जायला जागा ठाऊक नसते. ज्यांच्या वावरात टोळी उतरली आहे त्यांनी पहिल्याच दिवशी मुकादमाला जवळची शाळा, समाजमंदिर किंवा गोदाम दाखवून ठेवावे, आणि किल्ली कोणाकडे असते तेही सांगावे.

वादळ होऊन गेल्यावर

ऊर्जानगरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. तरी वादळात एक फांदी तारेवर पडली की त्याच्या बाजूच्या गावातही रात्रभर काळोख. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. अशा काळोखात तार शोधायला कोणी निघू नये. पडलेली तार बंद आहे असे कधीही धरून चालू नये. १९१२ वर किंवा वायरमनला कळवावे आणि तिच्याजवळ कोणाला फिरकू देऊ नये. शिवाय आपल्या परिसरात वाघ-बिबट्यांचा वावर आहे, हे वेगळे सांगायला नको. सुटलेली जनावरे शोधायला रात्री एकट्याने जाऊ नये.

लोळलेला ऊस ओढून उभा करू नये, तो मोडतो. वाढीतला ऊस असेल तर आठवडाभरात शेंडा आपणहून वर वळतो. तयार ऊस लोळला असेल तर गट कार्यालयाला त्याच दिवशी कळवावे. अशा उसाला उंदीर लागतात, डोळे फुटतात, साखर उतरते. म्हणून त्याची तोडणी आधी लावण्याची विनंती करावी.

गारांनी पाने फाटली म्हणून ऊस लगेच नांगरून टाकू नये. उसाचा वाढीचा कोंब कोवळ्या पिकात जमिनीच्या पातळीखाली आणि मोठ्या पिकात पानांच्या पोंग्यात झाकलेला असतो. पोंगा उघडून पाहावा. आत कोंब पांढरा, टणक असेल तर ऊस पुन्हा पान धरतो. साचलेले पाणी काढून, वाफसा आल्यावर नत्राचा थोडा हप्ता द्यावा आणि दोन आठवडे थांबून मग निर्णय घ्यावा.

नुकसानीचे फोटो काढून तलाठ्याकडे लेखी अर्ज द्यावा आणि पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहावे. विजेने किंवा वादळाने माणूस दगावल्यास शासनाच्या निकषांप्रमाणे वारसांना चार लाख रुपयांची मदत आहे. त्यासाठी पोलिसांत खबर आणि शवविच्छेदन झालेले असणे जरुरीचे असते. दुःखात हे राहून जाते, म्हणून शेजाऱ्यांनी लक्ष घालावे.

एकट्याने नव्हे, गटाने

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले "दामिनी" नावाचे ॲप मोबाईलवर आहे. आपल्या भोवतीच्या २० ते ४० किलोमीटरच्या परिसरात वीज पडते आहे काय, ते त्यात दिसते. "मेघदूत" ॲपवर मंगळवारी आणि शुक्रवारी शेतीचा सल्ला येतो. "सचेत" ॲपवर आपत्तीचे इशारे येतात. घरातल्या शिकत्या मुला-मुलीला सांगितले तर ती पाच मिनिटांत हे सगळे बसवून देतात.

पण गटातल्या सर्वांकडे असा मोबाईल नाही, आणि वावरात असताना तो खिशात असतोच असे नाही. म्हणून सूचना अशी की, प्रत्येक गटाने मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत दोन माणसे नेमावीत. त्यांनी रोज दुपारी बारा वाजता नागपूरचा अंदाज पाहावा आणि आभाळही पाहावे. धोका वाटला तर दोघांनी पाच-पाच जणांना फोन करावा, त्या पाचांनी पुढच्या पाचांना. जेथे फोन लागत नाही तेथे मंदिराची घंटा किंवा ग्रामपंचायतीचा भोंगा वाजवावा. कितीदा वाजला म्हणजे काय, हे आधी ठरवावे. दहापैकी आठ वेळा भोंगा फुकट गेला असे वाटेल. वाटू द्यावे. फुकट गेलेला भोंगा परवडतो.

ऊर्जानगरच्या त्या सभासदांना आम्ही हेच सांगितले. ते थोडे थांबून म्हणाले, "म्हणजे नागपूरवाल्यानं सांगतलं की ताडपत्री बांधाची, अन् मग धुराकडं पाहाचं. बराबर ना जी?" एवढ्या लांब लेखाचा सारांश त्यांनी एका वाक्यात सांगून टाकला.

खालील मजकूर कापून गोठ्याच्या किंवा मोटारीच्या खोलीच्या दारावर लावावा, ही विनंती.

दारावर लावण्यासाठी

१. पिवळा किंवा नारिंगी इशारा: आज उसाला पाणी बंद. पत्र्यावर वजन, ताडपत्री बांधलेली.
२. पहाटे उकाडा आणि पूर्वेचा वारा: दुपारी दोननंतर दूरचे काम नाही.
३. ढगाचा माथा ऐरणीसारखा सपाट: जनावरे झाडाखालून सोडून घराकडे.
४. चमक ते गडगडाट तीस आकड्यांच्या आत: काम सोडून पक्क्या घरात.
५. वारा एकदम थांबला, मग गार झुळूक: आहे ते टाकून निघा.
६. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच.
७. पडलेल्या तारेला हात नाही. वीज १९१२. रुग्णवाहिका १०८.

कळावे.